मण्यार की कवड्या?

अमरावती-अकोल्याकडे पावसाळ्यात घरात पांढऱ्या पट्ट्यांचा काळपट साप निघाला, की प्रश्न पडतो : विषारी मण्यार की बिनविषारी कवड्या? दोघांची चित्रे वेगवेगळी पाहून फरक सहसा लक्षात राहत नाही. तीच शेजारी ठेवून, आलटून-पालटून पाहिली, की नजर फरकावर थांबते. मण्यारचे पट्टे डोक्याकडे पुसट, शेपटीकडे ठळक. कवड्याचे नेमके उलट. काही दिवसांनी आधी स्वतः ओळखून मग उत्तर ताडून पाहिले, तर ओळख पक्की होते.

मात्र हा सराव चित्रांवरच करावा. मण्यारच्या दंशाने अनेकदा सूज येत नाही, दुखतही नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर प्रतिविष एकच असते. म्हणून दंशाची नुसती शंका आली, तरी साप न शोधता थेट रुग्णालय गाठावे.