परसातली कोंबडी आणि तिच्या दाण्याचा हिशेब



खेड्यातल्या घरी दिवस उजाडला की पहिले काम खुराडे उघडण्याचे. घरची बाई सुपात चार मुठी ज्वारी घेते, कोंबड्यांना हाक घालते आणि दाणे अंगणात फेकते. तिच्या कोंबड्या धावत येतात. त्यांच्यामागून शेजारणीच्याही येतात, छपरावरच्या चिमण्या उतरतात, आणि काही दाणे मातीत रुततात ते रुततातच. आपण समजतो, कोंबड्यांना पोटभर घातले. प्रत्यक्षात कोणाच्या पोटात किती गेले, ते कोणी पाहिलेले नसते.

आमच्या आत्याच्या दारी अशाच आठ कोंबड्या होत्या. अंड्यांच्या पैशांतून ती नातीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवी. एका उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा ती वैतागून म्हणाली, "दाण्याचं पोतं संपत आलं अन् अंडी बघावी तर हातावर मोजण्याइतकी. औंदा विकूनच टाकते सगळ्या!"

मी म्हटले, "आत्या, विकायच्या आधी दोन दिवस दे मला."

सकाळी एक किलो भरडा मोजून तिच्या नेहमीच्या घमेल्यात घातला आणि घमेल्याखाली एक तरट अंथरले. संध्याकाळी तरटावर सांडलेले गोळा करून तोलले. ते भरले जवळजवळ दीडशे ग्रॅम. दीडशे ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण त्याला 365 ने गुणा. वर्षाला सुमारे 55 किलो होतात, म्हणजे अर्ध्या क्विंटलहून जास्त! आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, त्यातलाच हा प्रकार.

कोंबडी दाणा का सांडते, हे आधी समजून घेऊ. कोंबडीला दात नाहीत. ती दाणा अख्खा गिळते आणि तो दळला जातो तिच्या पेट्यात, गिळलेल्या बारीक खड्यांच्या साहाय्याने. म्हणून चोचीत मावेल असा टपोरा दाणा ती निवडून उचलते आणि बारीक चुरी चोचीने बाजूला उडवते. शिवाय पायांनी उकरणे हा तिचा जन्माचा स्वभाव. भांडे काठोकाठ भरलेले आणि जमिनीवर ठेवलेले असले, की ती त्यात उभी राहून उकरणारच. तेव्हा दोष कोंबडीचा नसून भांड्याचा आहे.

उपाय साधे आहेत. भांडे एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. त्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असे ते दोन विटांवर ठेवावे किंवा दोरीने टांगावे. वरून एक काठी आडवी बांधली की कोंबडीला आत पाय घालता येत नाही. प्रत्येक कोंबडीला काठाशी दहा-बारा सेंटिमीटर जागा मिळावी. नाहीतर दांडगी कोंबडी खाते आणि गरीब कोंबडी उपाशी राहते. भरड्यावर पाण्याचा हबका मारल्यास चुरी उडत नाही. मात्र अर्ध्या तासात संपेल एवढाच भरडा भिजवावा, उरलेला आंबतो.

आता दुसरा प्रश्न. पोटात जाते ते तरी पुरेसे असते का? एका मध्यम अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि त्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. हे सारे कोंबडी आणणार कोठून? ज्वारीत शेकडा दहाच्या आसपास प्रथिने असतात, आणि कॅल्शियम तर नावालाच. पावसाळ्यात उकिरड्यावर किडे, गांडुळे, कोवळे गवत मिळते आणि कोंबडी आपली उणीव आपणच भरून काढते. उन्हाळ्यात जमीन करपते, किडे मिळत नाहीत, आणि अंडी कमी होतात. उन्हाचा तापही तिला सोसवत नाही. आत्याच्या तक्रारीचे निम्मे उत्तर येथेच होते.

एकाच धान्यावर कोंबडी ठेवल्याने काय होते, याची एक गोष्ट शास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. 1890 च्या सुमारास जावा बेटावर आइकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या आवारातल्या कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. चौकशी करता कळले, की त्यांना इस्पितळातला उरलेला, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता. कोंड्यासह असलेला तांदूळ घालताच कोंबड्या बऱ्या झाल्या. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो त्या कोंड्यातच जीवनसत्त्व होते. या कामाबद्दल आइकमान यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा केवळ कण्या किंवा शिळा भात यावर कोंबड्या ठेवू नका.

परसात हिंडणाऱ्या कोंबड्यांसाठी घरच्या घरी असे मिश्रण करता येते: मका, ज्वारी किंवा बाजरीचा भरडा पाच किलो, तांदळाचा किंवा गव्हाचा कोंडा दोन किलो, शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड दोन किलो आणि मीठ जेमतेम 30 ग्रॅम. यात प्रथिने शेकडा 16 ते 18 पडतात. दिवसभर हिंडून खाणाऱ्या कोंबडीला यातले 40 ते 60 ग्रॅम पुरतात, तेही निम्मे सकाळी नि निम्मे संध्याकाळी. सदा कोंडलेल्या कोंबडीला मात्र 100 ते 120 ग्रॅम आहार आणि वेगळी खनिजे-जीवनसत्त्वे लागतात. जोडीला शेवग्याचा पाला, मेथीचे देठ, लसूणघास द्यावा. त्याने बलक चांगला पिवळा होतो.

कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. तो खाद्यात कालवू नये, कारण वाढत्या पिलांना आणि तलंगांना जास्त कॅल्शियम घातले तर त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. अंड्याचे कवच बहुतेक रात्री तयार होते, म्हणून संध्याकाळी ही वाटी भरलेली असावी. अंड्यांची टरफलेही चालतात. मात्र ती भाजून, बारीक चुरून घालावी. अख्खी घातली तर कोंबडीला अंडी फोडण्याची चटक लागू शकते.

पाण्याकडे तर आपले लक्षच नसते. कोंबडी जेवढे खाते त्याच्या दुपटीने पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. भांडे कोरडे पडले की ती खाणे कमी करते आणि अंडी देणे थांबवते. पाणी सावलीत ठेवावे, दिवसातून दोनदा बदलावे.

साठवणीबद्दल एक धोक्याची सूचना. बुरशी लागलेली पेंड "जनावराला काय होतंय" म्हणून घालू नये. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी असेच मेले. कारण निघाले बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्या बुरशीच्या विषाला पुढे ॲफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. उकळल्याने हे विष जात नाही. म्हणून पेंड वाळवून, झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावी. असा डबा उंदरांपासूनही बचाव करतो; एक मोठा उंदीर दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम दाणा फस्त करतो, आणि लेंड्यांनी नासवतो तो वेगळाच.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. तरटाचा हा प्रयोग मुलांना आपापल्या घरी करायला सांगा. सांडलेला दाणा तोलायचा, आठवड्याची सरासरी काढायची, भांडे बदलून पुन्हा तोलायचे. गुणाकार, सरासरी आणि घरखर्च असे तिन्ही धडे त्यात आहेत, आणि उत्तर पाठीमागच्या पानावर छापलेले नाही.

आत्याच्या घरी काही चमत्कार झाला नाही. दोन म्हाताऱ्या कोंबड्या विकाव्या लागल्याच. अंड्यावरून उतरलेल्या कोंबडीला पेंड घालून उपयोग नसतो. पण घमेले विटांवर चढले, शिंपल्यांची वाटी आली, आणि पुढचे पोते बरेच दिवस जास्त पुरले. पावसाळा लागल्यावर नातीने मला पत्र लिहिले. त्यात शेवटी आत्याचा निरोप होता: "सहाच आहेत, पण घरच्या आहेत. शेजारणीच्या कोंबड्या आता आमच्याकडं जेवायला येत नाहीत."