पाण्याचें सोवळें

विहिरीच्या पाण्यावर वर्षानुवर्षें तापणारा बंब दुरुस्तीस काढला, म्हणजे तांबट प्रथम त्याच्या आंतील पांढरी खपली ठोकून काढतो. ही खपली आपल्या गृहिणींच्या पूर्ण परिचयाची आहे. पाणी जड असलें कीं डाळ लवकर शिजत नाहीं, साबणास फेंस येत नाहीं आणि तापत्या भांड्याच्या आंत दगडासारखा थर धरतो. पाण्यांत विरघळलेले कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे क्षार हें याचें कारण होय. तथापि असें पाणी पिण्यास बहुधा बाधक नसतें. आपण त्यानेंच देवास स्नान घालतों. तेव्हां पाणी शुद्ध आहे कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं "तें कोणत्या कामासाठीं हवें आहे?" असें विचारणें प्राप्त होतें.

आमच्या दवनीवाड्याच्या शेजारचा तालुका तिरोडा. तेथील औष्णिक विद्युत्‌केंद्रांत २०१२ पासून २०१४ पर्यंत एकामागून एक असे पांच संच सुरू झाले. प्रत्येक संच ६६० मेगावॅटचा, आणि त्यांस लागणारें पाणी वैनगंगेचें. या जातीच्या संचांतील बॉयलरांत पाण्याची उष्णता ३७४ अंशांच्या पलीकडे जाते, आणि दाब वातावरणाच्या दाबाच्या २१८ पटींहून अधिक असतो. अशा स्थितींत पाणी उकळत नाहीं; पाणी आणि वाफ हा भेदच लोपतो. जुन्या बॉयलरांत मोठा पिंपासारखा भाग असे व सांचलेले क्षार त्यांतून सोडून देतां येत. येथें ती सोय नाहीं. जो कण आंत गेला तो नळींत तरी बसणार, नाहीं तर पुढें टर्बाइनच्या पात्यांवर तरी. नळींत पातळसा थर बसला तरी उष्णता पाण्यापर्यंत नीट पोंचत नाहीं. नळी अतोनात तापते आणि शेवटीं फुटते. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु तर लोखंडासच खातो.

म्हणून या यंत्राचें सोवळें आपल्या आजीबाईंच्या सोंवळ्याहूनही कडक असतें. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरमागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेलीं द्रव्यें असलीं तरी भारतीय मानकाप्रमाणें तें पाणी उत्तम समजतात. या बॉयलरच्या पाण्यांत सिलिका, म्हणजे वाळूचें मुख्य द्रव्य, अब्ज भागांत सुमारें दहा भागांच्या वर चालत नाहीं.

इतकें निर्मळ पाणी करतात कसें? प्रथम तुरटीच्या जातीचें द्रव्य घालून गाळ खालीं बसवितात. घरीं घागरींत तुरटी फिरवितों, तीच ही क्रिया. मग पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. येथवर तें डोळ्यांस स्वच्छ दिसतें, परंतु क्षार त्यांत तसेच असतात. ते काढण्यासाठीं राळेसारख्या कृत्रिम द्रव्याच्या बारीक मण्यांनीं भरलेल्या टांक्यांतून तें नेतात. पहिल्या टांकींतील मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे घेतात व त्यांच्या मोबदल्यांत हायड्रोजन देतात. दुसऱ्या टांकींतील मणी क्लोराइड, सल्फेट आणि सिलिका घेऊन हायड्रॉक्साइड देतात. मौज अशी कीं, दिलेलीं हीं दोन्हीं एकत्र येऊन पुन्हां पाणीच होतें! अखेरीस दोन्ही प्रकारच्या मिश्र मण्यांतून एक फेरी होते, आणि वाफेनें तापवून प्राणवायु काढून टाकतात. मणी थकले म्हणजे पहिल्यांस आम्लानें व दुसऱ्यांस कॉस्टिक सोड्यानें धुतात. तें धुवण तीव्र असल्यामुळें त्याचाही उपशम करावा लागतो. तसेंच सोडणें म्हणजे नदीस विष पाजणें होय.

एवढ्या कष्टानें सिद्ध झालेलें पाणी मात्र फारसें खर्च होत नाहीं. वाफ थंड करून पुन्हां पाणी करतात आणि तेंच फिरवितात. खरा खर्च आहे तो ती वाफ थंड करणाऱ्या पाण्याचा. केंद्राच्या उंच मनोऱ्यांवर जो पांढरा ढग दिसतो, ती नदीच आकाशांत जात असते. केंद्र सरकारनें डिसेंबर २०१५ मध्यें जुन्या केंद्रांस जी मर्यादा घातली, ती दर मेगावॅट-तासास साडेतीन घनमीटर. म्हणजेच आपल्या घरच्या विजेच्या एका युनिटामागें साडेतीन लिटर. ज्या घरीं महिन्यास १५० युनिटें जळतात, त्या घराच्या नांवें या हिशेबानें ५२५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पस्तीस बादल्या! उन्हाळी धानाला पाणी हवें असतें, तेव्हांच नदी रोडावलेली असते, हें आमच्याकडील शेतकऱ्यास सांगावयास नको. परळीचें विद्युत्‌केंद्र तर फेब्रुवारी २०१३ मध्यें पाण्यावांचून बंदच ठेवावें लागलें.

यास उपाय नागपुरानें दाखविला. त्या शहराची तहान व कोराडीचें वीजकेंद्र या दोहोंचा भार पेंचच्या जलाशयावर होता. पुढें भांडेवाडी येथें शहराचें सांडपाणी शुद्ध करणारें, दररोज १३ कोटी लिटर क्षमतेचें केंद्र उभें राहिलें, आणि तें पाणी वीजनिर्मितीस जाऊं लागलें. ज्या औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आंत असें सांडपाणी मिळेल, त्यानें तेंच घ्यावें, असें जानेवारी २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणांतही आलें. आमच्या तिरोड्याजवळ नागपुराएवढें शहर नाहीं. तेथें एकदां घेतलेलें पाणी राखेसाठीं, धुण्यासाठीं पुन्हां पुन्हां वापरणें हाच मोठा मार्ग.

गटाराच्या पाण्यावर निघालेल्या विजेनें देवघरांत दिवा लावावा, ही कल्पना माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या मनुष्यास प्रथम खटकली, हें मी लपवीत नाहीं. परंतु विचार करतां असें दिसलें कीं, त्या पाण्यानें पेंचचें तितकें पाणी माणसांसाठीं व शेतांसाठीं राखलें. मग विटाळ कोणता आणि पुण्य कोणतें?

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत निर्मळीच्या बीचा दृष्टान्त आहे. त्या बीनें गढूळ पाणी निवळतें खरें, पण तिचें नुसतें नांव घेतल्यानें निवळत नाहीं; ती उगाळून पाण्यांत घालावी लागते. स्नानसमयीं सात नद्यांचीं नांवें घेण्याची आपली रीत आहे. ती अवश्य चालवावी. परंतु दिवा विनाकारण जळत असेल तर तो मालवावा, आणि आपल्या गांवाचें सांडपाणी कोठें जातें याची चौकशी नगरपालिकेकडे वा ग्रामपंचायतीकडे करावी. उगाळण्याचें काम तें आहे.