परसातील कोंबड्या आणि परवाना : कायदा नेमके काय सांगतो?

नवी दिल्ली : केरळच्या पथनमथिट्टा जिल्ह्यातील अडूर येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये महसूल विभागीय अधिकाऱ्यांपुढे एक आगळी तक्रार आली. शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर पाळलेला कोंबडा पहाटे तीन वाजल्यापासून आरवतो आणि त्यामुळे झोपमोड होते, असे एका वृद्ध रहिवाशाचे म्हणणे होते. दोन्ही बाजू ऐकून घेतल्यानंतर आणि जागेची पाहणी केल्यानंतर खुराडे १४ दिवसांत तेथून हलवावे, असा आदेश देण्यात आला. कोंबडा पाळण्यास मनाई झाली नाही. त्याची जागा तेवढी बदलण्यास सांगण्यात आले.

घरच्या वापरासाठी कोंबड्या पाळणाऱ्यांबाबत भारतीय कायद्याची भूमिका या आदेशातून बऱ्याच अंशी स्पष्ट होते. दोन-चार कोंबड्यांसाठी देशपातळीवर कोणताही परवाना नाही. मात्र परवाना नाही म्हणून जबाबदारीही नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

देशभर एकच नियम का नाही?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पशुधनाचे संवर्धन, पशुरोगांचा प्रतिबंध आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्य सूचीत येतात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणाऱ्या संसर्गजन्य रोगांना आळा घालण्याचा विषय समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे खुराडे कोठे असावे, हा प्रश्न राज्याच्या आणि महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कक्षेत राहतो, तर रोगनियंत्रणासाठी केंद्रीय कायदा लागू होतो. उदाहरणार्थ, केरळने पंचायत क्षेत्रातील पशुपालन प्रकल्पांच्या परवान्यांसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र नियम केले. इतर राज्यांत तसेच नियम असतील, असे गृहीत धरता येत नाही.

शहरांतील तरतुदी

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३९४, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम ३७६ आणि दिल्ली महानगरपालिका अधिनियम, १९५७ मधील कलम ४१७ या तरतुदींचा गाभा सारखाच आहे. जीवित, आरोग्य किंवा मालमत्तेस धोका पोहोचवू शकणारे अथवा उपद्रव निर्माण करणारे ठरावीक व्यवसाय आणि जागेचे ठरावीक वापर यांसाठी महापालिकेची अनुज्ञप्ती आवश्यक असते. त्यामुळे घरापुरती अंडी मिळावीत म्हणून ठेवलेल्या कोंबड्या आणि विक्रीसाठी पाळलेले पक्षी यांत फरक पडतो. विक्री सुरू झाली की तो व्यवसाय ठरण्याची आणि अनुज्ञप्तीचा प्रश्न उभा राहण्याची शक्यता वाढते. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांना याशिवाय संस्थेचे उपविधीही पाहावे लागतात.

परवाना नसतानाही तक्रार होऊ शकते. भारतीय न्याय संहितेतील कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. असा उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना आहे. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती. दुर्गंधी, माश्या, साचलेली विष्ठा आणि कोंबड्याचे आरवणे ही अशा तक्रारींची नेहमीची कारणे होत.

संख्येचा निकष कोठे लागू होतो?

पक्ष्यांच्या संख्येवर आधारित नियम प्रामुख्याने मोठ्या प्रकल्पांसाठी आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या सप्टेंबर २०२० मधील आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कुक्कुटपालन केंद्रांसाठीच्या पर्यावरणविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये सुधारणा केली. त्यांत लहान केंद्राची व्याख्याच ५ हजार पक्ष्यांपासून सुरू होते. २५ हजारांपुढील केंद्र मध्यम आणि एक लाखापुढील केंद्र मोठे मानले जाते. परसात दाणे टिपणाऱ्या दहा-वीस कोंबड्या या मोजमापात कोठेच बसत नाहीत.

मात्र अशा कोंबड्यांची एकत्रित संख्या लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटी १८ लाख कुक्कुटपक्षी होते आणि त्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातील होते. २०१२ च्या तुलनेत परसातील पक्ष्यांच्या संख्येत सुमारे ४६ टक्के वाढ झाली. ग्रामीण भागात या कोंबड्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रियाच करतात. अडीनडीला एखादी कोंबडी किंवा डझनभर अंडी विकून हाती येणारा पैसा हा त्यांचा स्वतःचा आधार असतो.

रोग आला तर

देशात बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. तेव्हा व्यावसायिक केंद्रांबरोबर आसपासच्या गावांतील घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रोगाचा फैलाव मुख्यतः परसातील पक्ष्यांत झाला आणि सुमारे ४० लाख पक्षी नष्ट करण्यात आले. कोणाच्या अंगणात किती कोंबड्या आहेत याची नोंद नसल्याने पथकांना घरोघरी फिरावे लागले. कोंबड्या लपवून ठेवण्याचे प्रकारही घडले.

केंद्राच्या कृती आराखड्यानुसार रोगनिदान निश्चित झाल्यावर साधारणतः एक किलोमीटर परिघातील क्षेत्र बाधित आणि दहा किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र निगराणीखाली धरले जाते. बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करताना ते परवान्याचे आहेत की घरचे, असा भेद केला जात नाही. भरपाई मिळते ती पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. त्याआधीच मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळत नाही. खबर देण्यास होणारा विलंब त्यामुळे पाळणाऱ्यालाच महागात पडतो.

प्राण्यांमधील सांसर्गिक व संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ मधील कलम ४ नुसार अनुसूचित रोगाचा संशय येताच ग्राम अधिकारी किंवा ग्रामपंचायतीला कळवणे हे प्राण्याच्या मालकाचे कर्तव्य आहे. पक्ष्यांची संख्या कितीही असली तरी हे कर्तव्य टळत नाही.

परवाना की नोंदणी?

ब्रिटनने या प्रश्नावर नोंदणीचा मार्ग निवडला आहे. तेथे पूर्वी ५० किंवा अधिक पक्षी असणाऱ्यांनाच नोंदणी सक्तीची होती. स्कॉटलंडमध्ये १ सप्टेंबर २०२४ पासून, तर इंग्लंड व वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी असली तरी नोंदणी अनिवार्य झाली. पूर्णतः घरातच राहणाऱ्या पोपटासारख्या पक्ष्यांना यातून वगळण्यात आले आहे. ही नोंदणी विनामूल्य आहे. कोंबडी पाळावी की नाही, हे सरकार त्यातून ठरवत नाही. रोग पसरल्यास कोणाला सावध करायचे, एवढे त्यातून कळते.

भारतात ३१ कोटींहून अधिक पक्ष्यांसाठी परवाना सक्तीचा करणे प्रशासनाला झेपणारे नाही आणि त्याचा भार सर्वाधिक गरीब कुटुंबांवर पडेल. ग्रामपंचायत किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याच्या पातळीवरील साधी, विनाशुल्क नोंद मात्र लसीकरण, रोगाची पूर्वसूचना आणि भरपाई या तिन्ही कामांस उपयोगी पडू शकते.

तोपर्यंत शहरात कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्यांनी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात आणि गृहनिर्माण संस्थेत आधी चौकशी करावी, खुराडे शेजाऱ्यांच्या खिडक्यांपासून दूर ठेवावे आणि विष्ठेची नियमित विल्हेवाट लावावी. केवळ अंड्यांसाठी पक्षी पाळायचे असतील तर कोंबडा ठेवण्याची गरज नसते, कारण कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देते. पक्षी अचानक मरू लागल्यास त्यांना हात न लावता, ते उघड्यावर न फेकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.