एकट्या माणसाचं घर: आधी पाणी, मग खोल्या

आज आपल्याला एकच घर आखायचं आहे. जागा मुकुंदवाडीची, प्लॉट २० बाय ३०चा, रस्ता पूर्वेला. राहणारा माणूस एक. चिकलठाणा एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारा म्हणा, किंवा निवृत्तीनंतर एकटी राहणारी बाई म्हणा.

असं घर सांगितलं की मिस्त्री पहिलं विचारतो, वन आरके की वन बीएचके? आम्ही म्हणतो, थांबा. मुकुंदवाडीत पहिला प्रश्न पाण्याचा आहे. संभाजीनगरला पाणी जायकवाडीहून येतं, पण नळाला ते रोज येत नाही. घरात चार माणसं असली तर कुणीतरी भरून ठेवतं. एकटा माणूस नेमका त्याच वेळी शिफ्टवर असतो. नळ येऊन जातो आणि पिंप रिकामंच.

म्हणून घराच्या आधी हौद. पुढच्या अंगणाखाली, आतून ५ बाय ४ फूट आणि ४ फूट खोल. ८० घनफूट, म्हणजे सव्वादोन हजार लिटरच्या वर. नळाची लाइन थेट हौदात सोडायची, तोंडाशी फ्लोट व्हॉल्व. माणूस घरी नसला तरी हौद भरतो आणि भरला की आपोआप बंद होतो. माणशी रोज १३५ लिटर हा ठरलेला हिशेब, आठ दिवसांचे १०८० होतात. तेव्हा हौद भरपूर झाला. फक्त ड्रेनेजचं चेंबर त्याच्यापासून लांब, घराच्या मागच्या अंगाला ठेवा.

वरची टाकी हजार लिटरची. भरली की तिचं वजन एक टन. हे लोक विसरतात आणि टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवतात. ती बाथरूमच्या वर हवी, कारण तिथे भिंती जवळजवळ असतात आणि नळही खालीच.

आता आतलं माप. १५ बाय २० फूट, म्हणजे ३०० चौरस फूट. पंतप्रधान आवास योजनेत शहरातल्या दुर्बल घटकाच्या घराला ३० चौरस मीटर चटई क्षेत्र धरलंय, त्याच्याच आसपास. या ३०० फुटांत लोक तीन खोल्या पाडतात. प्रत्येक भिंत जागा खाते, वारा अडवते आणि प्रत्येक दाराला उघडायला जागा लागते. एकट्या माणसाला आडोसा फक्त बाथरूमपुरता लागतो. बाकी भिंती कुणापासून लपायला?

आम्ही असं आखतो. पश्चिमेला, म्हणजे मागे, सहा फुटांची पट्टी. तिच्या दक्षिण टोकाला साडेपाच बाय सहाचं संडास-बाथरूम. अर्धा फूट भिंत. उरलेल्या नऊ बाय सहात स्वयंपाक. ओटा या मधल्या भिंतीलाच लावायचा. एका बाजूला शॉवर, दुसऱ्या बाजूला सिंक, पाइप एकाच भिंतीत. गळती झाली तर एकच भिंत फोडायची. पश्चिमेच्या भिंतीला वरपर्यंत मांडणी. मे महिन्यात दुपारनंतरचं ऊन याच भिंतीवर येतं. ती आधी बाथरूम आणि डब्यांना तापू दे, झोपायच्या जागेला नको.

पुढे राहिली १४ बाय १५ची एक सलग खोली. ही लहान वाटते का? चंदीगढ आखणाऱ्या ले कोर्बुझिएनं १९५२ साली फ्रान्सच्या समुद्रकाठी स्वतःला सुट्टीपुरती लाकडी खोली बांधली. माप ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर, आपल्या भाषेत १२ बाय १२. खाट, टेबल, संडास, सगळं त्यात. स्वयंपाकघर मात्र नाही! जेवण शेजारच्या खानावळीत, आणि तिकडे जायला आतूनच दार. आम्हाला ती खोली मापापेक्षा त्या दारासाठी जास्त आठवते. एकटा राहणारा माणूसही कुणाच्या तरी भरवशावर राहतो, आणि नकाशात त्याला जागा द्यावी लागते.

आपल्याकडे ती जागा म्हणजे पुढचा ओटा. दारालगत दीड फूट उंच, दोन माणसं बसतील एवढा, आणि खोलीची मोठी खिडकी त्याच बाजूला. दोन दिवस खिडकी उघडली नाही तर समोरच्या काकूंच्या लक्षात आलं पाहिजे.

त्याहून महत्त्वाचं बाथरूमचं दार. ते बाहेरच्या बाजूला उघडणारं करा. सगळीकडे आत उघडणारंच लावतात. आत माणूस घसरून दाराला टेकून पडला तर दार उघडत नाही, आणि इतक्या छोट्या जागेत तो बहुधा दारापाशीच पडणार. कडीही बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी घ्या. पैसे फारसे जास्त लागत नाहीत, मिस्त्रीला मात्र दोनदा सांगावं लागतं.

किती फूट मोकळं सोडायचं ते महापालिकेत आधी विचारून घ्या. मग पाया खोदण्याआधी जमिनीवर सगळं घर फक्कीनं आखा. आत खाट आणून ठेवा, दाराच्या जागी पुठ्ठा धरून फिरवून बघा, ओट्यापाशी उभं राहून वाका. कागदावर राहून गेलेली एक गोष्ट इथे हमखास सापडते: कपडे वाळत कुठे घालायचे? आमच्या आखणीत त्यासाठी मागे तीन फुटांची बोळ सोडली आहे. पश्चिमेचं तेच ऊन तिथे उपयोगी पडतं.