मेळा पाहावा भरवून!

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. यवतमाळात राहून मी त्यात एक भर घातली आहे : मेळा पाहावा भरवून!

आमचे महिला मंडळ दिवाळीआधी दोन दिवसांचा फराळमेळा भरवते. खेड्यांतले बचत गट चकल्या, अनारसे, मुगवड्या घेऊन येतात. दोन वर्षांपूर्वी जागा निवडली मी. गावाबाहेर, ऐसपैस आणि शिवाय फुकट! मंडप देखणा झाला; माणसे मात्र आलीच नाहीत. एका बाईने बेसन-तेलासाठी गटातून कर्ज काढले होते. भरलेले डबे तसेच उचलताना ती एवढेच म्हणाली, "पुढच्या साली जमलं तर पाहू, ताई." तो शब्द मला वर्षभर टोचत राहिला.

गेल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, स्कूटरवरून जागा पाहू नकोस. मला घेऊन चल." त्यांचे गुडघे दुखरे, आणि बरोबर माझा तीन वर्षांचा चिरंजीव. अशी आमची पाहणी समिती निघाली!

दत्त चौकात गर्दी हवी तेवढी. पण मुलाचा हात सुटला की जीव खालीवर. मग मी मोठ्या मैदानाचे नाव काढले. या गावात १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ च्या जानेवारीत अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलने भरली. दुर्गोत्सवाची गर्दी तर दरवर्षीचीच. सासूबाई हसल्या. "अगं, संमेलनाला लोक लांबून येतात. चकलीसाठी कोण येणार? जिथं लोक रोज फिरतात, तिथं आपण जावं."

तिसरी जागा छान होती. पण शेजारीच इस्पितळ. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता पाळावी लागते, आणि ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर उघड्यावर सहसा चालत नाही. तीही फुली!

अखेर वस्तीतल्या बागेलगतची जागा ठरली. आधीच्या जागेच्या निम्मी, आणि भाडेही द्यायचे. पण रिक्षा फाटकापर्यंत येते, नळ आणि स्वच्छतागृह जवळ, रस्त्यावर दिवे, आणि संध्याकाळी अर्धी वस्ती तिथेच फिरायला येते. रीतसर परवानग्या काढल्या. शेगड्या मंडपाच्या कापडापासून दूर मांडल्या, शेजारी पाण्याचे पिंप आणि वाळूच्या बादल्या. आजी-आजोबांसाठी खुर्च्या मात्र ऐन मध्यावर, म्हणजे नातवंडांवर नजर राहते, आणि म्हातारी माणसे बसली की घरची मंडळीही रेंगाळतात.

त्या बाईला पुन्हा बोलवायला मी स्वतः तिच्या गावी गेले. ती आली, पण निम्मेच डबे घेऊन. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिचा शेवटचा डबा रिकामा झाला. "थोडं जास्तच आणायला हवं होतं," ती पुटपुटली.

यंदा तिने मला आधीच विचारून ठेवले आहे, "ताई, जागा तीच ना?"

तीच. सासूबाईंनी आपली खुर्चीसुद्धा राखून ठेवली आहे!