रोप घेण्यापूर्वी एक प्रश्न

शहरातील घरांच्या खिडक्यांत आणि गॅलरीत अलीकडे रसाळ पानांच्या, थोड्या पाण्यावर जगणाऱ्या वनस्पतींना हक्काची जागा मिळाली आहे. कोरफड, पानफुटी आणि निवडुंग आपल्या आजीच्याही परिचयाचे. आता त्यांच्या जोडीला जेड, हॉवर्थिया, एकेव्हेरिया अशी परदेशी रोपे आली आहेत. पानांत वा खोडांत पाणी साठविणे हा यांचा स्वभाव. यांतील पुष्कळ वनस्पती पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे उन्हात पाण्याचा अपव्यय टळतो.

मात्र कणखरपणा हा त्या त्या हवामानापुरता असतो. युरोपातील पर्वतांवर वाढणारी सेम्परव्हायव्हम बर्फ सोसते, परंतु कोकणच्या दमट पावसाळ्यात ती सहज कुजते. म्हणून रोप कोठे वाढले, हे आधी पाहावे. आपल्या परिसरातील लहान रोपवाटिकेत मालकाने स्वतः पान वा फांदी लावून वाढविलेले रोप येथील ऊन-पाऊस सोसलेले असते. त्याचे मातृरोपही बहुधा तेथेच पाहावयास मिळते.

या चौकशीमागे याहून गंभीर कारणही आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेकडील ‘सक्युलंट करू’ या कोरड्या, खडकाळ प्रदेशात सुमारे ६,००० जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतील अनेक जगात अन्यत्र आढळत नाहीत. गेल्या काही वर्षांत तेथील गोटीएवढी कोनोफायटमची रोपे चोरून खणली जात आहेत आणि दूरदेशीच्या शौकिनांना विकली जात आहेत. वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली झाला. १९७६ पासून भारतही त्यात सहभागी आहे. तथापि घेणारा जोवर काही विचारीत नाही, तोवर खणणाऱ्याचे हात थांबत नाहीत.

आपल्या सह्याद्रीतही असे धन आहे. ‘शिंदळ माकुडी’ ही रसाळ खोडाची, तांबूस-जांभळ्या फुलांची दुर्मीळ वनस्पती उभ्या कड्यांवर वाढते. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गतः आढळत नाही. फांदीपासून तिची नवी रोपे तयार करता येतात. म्हणजे जिज्ञासूची आवड पुरविण्यासाठी कड्यावरचे झुडूप उपटण्याचे कारणच उरत नाही.

तेव्हा सुज्ञ वाचकांनी विक्रेत्यास एवढेच विचारावे : “हे रोप कोणी आणि कशापासून वाढविले?” स्वतः रोपे करणारा माणूस याचे उत्तर आनंदाने देतो. उत्तर टाळले गेले, रोपावर जुने ओरखडे दिसले किंवा मुळे तुटलेली आढळली, तर ते रोप घेऊ नये. रंग फवारलेली किंवा वर सुकी फुले चिकटविलेली रोपेही टाळावीत. पानांच्या बेचक्यांत पांढरा पिठ्या ढेकूण नाही, याची खात्री करावी.

घरी आणल्यावर तळाशी छिद्र असलेली कुंडी, वाळू व बारीक खडी मिसळलेली माती आणि सकाळचे ऊन द्यावे. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी घालावे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली ठेवावी. पुढे याच रोपाचे एखादे पान रुजवून शेजाऱ्यांना द्यावे, म्हणजे त्यांनाही रानातून आलेले रोप विकत घ्यावे लागणार नाही.