घराचे छप्पर आणि कांद्याचे छप्पर



पावसाळा तोंडावर आला, की आपल्या कार्यक्रमाचे श्रोते एक प्रश्न हटकून विचारतात. "पत्रा घालू की कौले? आणि कांदाचाळीला काय घालू?" याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. आपला नाशिक जिल्हा एक असला, तरी त्यावर पडणारा पाऊस एक नाही. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर येवला-नांदगावकडे ५०० च्या आसपास. शेजाऱ्याचे पाहून घर बांधावे, पण शेजारच्या तालुक्याचे पाहून बांधू नये.

आपल्या वाडवडिलांनी हे बरोबर ओळखले होते. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर चांगल्या उभ्या उताराची दोन पाखी असतात, गवताची नाहीतर कौलांची. तिथे पाणी छपरावर थांबताच कामा नये. गवताचे छप्पर असेल तर आडवे ५ फूट जाताना ५ फूट चढ द्या. त्याहून कमी दिला की पाणी गवतात मुरते आणि छप्पर कुजते. कौलांना ५ फुटांना ३ फूट चढ पुरतो. कुंभाराची नळीची कौले माकडा-मांजरांनी सरकतात, म्हणून दर वर्षी मिरगाच्या आधी घर शाकारावे लागते. मंगलोरी कौले खाचेत खाच अडकून बसतात, ती सहजी हलत नाहीत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून या कौलांना हे नाव पडले.

मालेगाव, नांदगाव, येवल्याकडची जुनी घरे धाब्याची. तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यावर काड्या-पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत असा गारवा, की पंखा नसला तरी चालते. पण धाबे गळाले की आपण वर आणखी माती टाकतो. पुढल्या वर्षी पुन्हा टाकतो. असे करता करता थर एक फुटावर जातो. हिशेब करा. एक फूट जाडीचा थर म्हणजे दर चौरस फुटाला ४०-४५ किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर चार-साडेचार टन! हा कोरड्या मातीचा हिशेब झाला. चार दिवस झड लागली, की भिजून वजन आणखी वाढते आणि तुळईचे भिंतीतले टोक तर आधीच वाळवीने खाल्लेले असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची जड माळवदे अंगावर येऊन हजारो माणसे गेली. म्हणून नवी माती टाकण्यापूर्वी जुनी खरवडून काढा, आणि तुळयांची टोके पहारीने ठोकून पाहा. आवाज पोकळ आला तर त्या खोलीत झोपू नका. आधी खाली टेकू द्या, मग तुळई बदला.

स्लॅबबद्दल फार सांगत नाही. पाणी नळीकडे वाहील एवढा उतार ठेवा आणि उन्हाळ्यात वर चुना मारा, म्हणजे झाले.

आता कांदाचाळ. इथे आपले पैसे खरे अडकलेले असतात. एप्रिल-मे मध्ये भरलेला उन्हाळ कांदा भाव येईपर्यंत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत टिकवायचा असतो. त्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. लोखंडी पत्रा नेमका याच्या उलट वागतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता चाळीत जा आणि पत्र्याखाली वीतभर अंतरावर हात धरा. तुमच्या हाताला सोसवत नाही, ते वरच्या थरातला कांदा दिवसभर सोसतो. पुढे पावसाळ्यात रात्री हाच पत्रा थंड होतो, आतल्या बाजूने घामेजतो आणि थेंब कांद्यावर पडतात. मग काजळी धरते, सड लागते आणि आपण बियाण्याला दोष देतो.

म्हणून चाळीवर मंगलोरी कौले सगळ्यात चांगली. उसाचे पाचटही चालते, मात्र विजेच्या तारा आणि चूल लांब हवी. सिमेंटचे पत्रे लोखंडी पत्र्याइतके तापत नाहीत, पण त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना फार वाईट. आधीच बसवलेले असतील तर त्यांना करवत, छिद्रे करू नका आणि तुटके तुकडे कुटून पायवाटेवर टाकू नका. लोखंडी पत्राच असेल तर बाहेरून पांढरा चुना मारा, किंवा उन्हाळ्यापुरते वर पाचट बांधा. पाऊस लागला की ते काढून घ्या, नाहीतर ओल्या पाचटाने पत्रा गंजतो.

छपराला ५ फुटांना २ फूट चढ द्या. वळचण दोन्ही बाजूंनी ३ फूट बाहेर काढा, म्हणजे तिरप्या पावसाची झड कांद्यापर्यंत येत नाही. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधा, दुपाखी पूर्व-पश्चिम. आढ्याजवळ फट ठेवा. गरम हवा वर चढते, तिला वाट हवी. मात्र खालून गार हवा आली नाही तर वरची फट व्यर्थ. म्हणून तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि फटींचा असावा. कांद्याचा थर ४ फूट रुंद आणि ५ फूट उंच, यापेक्षा जास्त नको. छप्पर चांगले झाले म्हणून सहा-सात फूट कांदा भरणारे पाहिले आहेत. त्यांचा मधला कांदा आधी जातो.

राहिले वारे. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आपण विसरलो नाही, आणि वळवाचा वारा तर दर वर्षी येतो. पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही. वादळात तेच दगड खाली येतात. पत्रा हुकबोल्टने वाशाला धरा. बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर घ्या, खोलगटात नको, आणि खाली डांबरी वॉशर घाला. वर-खालच्या पत्र्यांची एकमेकांवर किमान ६ इंच चढण हवी. कडेच्या ओळीला आणि वळचणीला बोल्ट जास्त लावा, वारा तिथूनच पत्रा उचलतो. चाळीचा आराखडा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा आणि तो पाहूनच सुताराला माप द्या.